तो झगा नव्हता : एका प्रतिक्रियेला उत्तर

अमेरिकेत काळ्यांच्या समान हक्कांसाठी लढलेले पाद्री मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली मडगावच्या एका वाचकांनी मोठी प्रतिक्रिया लिहिली आहे. नाव दिलेलं नाही, खाली ‘एक विवेकवादी’ एवढीच सही. किंग यांचं राजकारण त्यांच्या श्रद्धेतून उगवलं, श्रद्धा बाजूला काढली तर त्या राजकारणाला अर्थच उरत नाही, असं मी लेखात म्हटलं होतं. त्यावर या वाचकांचं म्हणणं थोडक्यात असं : लढ्याची पद्धत गांधींची होती. ज्या बायबलवर किंग उभे होते त्याच बायबलच्या आधाराने गोऱ्यांनी गुलामगिरी चालवली. अहिंसा सांगणाऱ्या किंग यांच्या घरात बंदुका होत्या. आंबेडकरांनी धर्माची चिकित्सा केली, किंग यांनी केली नाही. शिवाय माझ्या लेखातला एक तपशील चुकला आहे. इथपर्यंत ठीक होतं. पण शेवटी त्यांनी लिहिलं, “किंग यांचा धर्म हा सभेपुरता अंगावर चढवलेला झगा होता, आणि ज्यांच्या घरात देवघर आहे अशा भाबड्या माणसांनाच तो खरा वाटतो.”

चार दिवस मी उत्तर लिहिलं नाही. रागात असताना कागदाला हात लावू नये असं तीस वर्षं वर्गात मुलांना सांगत आले, ते स्वतः पाळायला हवं म्हणून. राग पूर्ण गेला आहे असं मात्र म्हणणार नाही.

आधी चूक कबूल करते. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या माँटगोमेरी शहरात किंग यांच्या घरावर बॉम्ब पडला तो ‘दुसऱ्याच रात्री’ असं मी लिहिलं होतं. ते चुकलं. धमकीचा फोन आल्यावर किंग यांनी स्वयंपाकघरात केलेली प्रार्थना २७ जानेवारी १९५६ च्या रात्रीची आणि बॉम्ब पडला ३० जानेवारीला, म्हणजे तीन रात्रींनी. तुमचं वाचन बारकाईचं आहे आणि त्याबद्दल आभार. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे.

आता त्या वाक्याकडे येते. माझ्या घरात देवघर आहे. रोज संध्याकाळी दिवा लावते. हे मी कधी लपवलं नाही आणि कुणावर लादलंही नाही. पण देवघर आहे म्हणून माझी बुद्धी कमी, असा निवाडा तुम्ही एका ओळीत देऊन टाकलात, त्याला विवेक म्हणत नाहीत. मतभेद असतील तर मताशी भांडा. माझ्या घरात कुठल्या खोलीत काय आहे त्यावरून मला ओळखू नका. हे तुम्ही एखाद्या पुरुष लेखकाला इतक्या सहज म्हणाला असता का, असंही मनात येऊन गेलं.

आणि झगा कुठे घालतात? लोकांसमोर. म्हणून तर मी लेखात स्वयंपाकघराची ती रात्र घेतली होती, तिच्यावरून तुम्ही तारीख सुधारून पुढे गेलात. किंग तेव्हा जेमतेम सत्तावीस वर्षांचे. बसमधल्या वंशभेदाविरुद्ध माँटगोमेरीच्या काळ्यांनी बसवर घातलेल्या बहिष्काराला दोन महिनेही झाले नव्हते. मध्यरात्री फोन आला, गाव सोडलं नाही तर ठार करू म्हणून. बायको आणि दोन-अडीच महिन्यांची मुलगी झोपलेली. त्यांना झोप येईना. उठून कॉफी केली, टेबलाशी बसले, आणि आपण घाबरलो आहोत, आता आपल्याच्याने होत नाही, असं देवाला सांगितलं. बाप पाद्री, आईचे वडील पाद्री, अटलांटाचं एबेनेझर चर्च म्हणजे घरच. तोवर धर्म त्यांच्याकडे वारशाने आला होता. त्या रात्री तो पहिल्यांदा त्यांचा स्वतःचा झाला, असं त्यांनी पुढे सांगितलं. त्या टेबलापाशी सभा नव्हती, छायाचित्रकार नव्हता. झगा कुणासाठी घालणार होते?

तीन रात्रींनी ओसरीवर बॉम्ब फुटला. किंग सभेत होते. धावत घरी आले तर अंगणात संतापलेले लोक जमलेले, कित्येकांच्या हातात हत्यारं. बायको-मुलगी सुखरूप आहेत हे त्यांनी आधी पाहिलं, मग त्या फुटक्या ओसरीवर उभं राहून लोकांना हत्यारं घरी न्यायला सांगितलं, शत्रूवर प्रेम करा म्हणाले. तो दिवस ३० जानेवारी, आपल्याकडे गांधी गेले तीच तारीख. स्वतःच्या घराच्या काचा पायाखाली असताना माणूस पाठ केलेलं बोलत नाही. वरवरचं काही अंगावर असतं तर तेव्हाच गळून पडलं असतं.

मला हे इतकं ठाम का वाटतं ते सांगते. पुस्तकातून नव्हे, घरातून सांगते.

१९७७ साल. मी अकरा वर्षांची. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातलं आमचं घर भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, भाटात (माडांच्या बागेत), मातीच्या भिंतींचं. आम्ही मुंडकार, म्हणजे त्याच्या जमिनीवर घर करून राहणारे. भाटकाराने घर खाली करायला सांगितलं होतं. मुंडकारांना घराबाहेर काढण्यापासून संरक्षण देणारा १९७५ चा मुंडकार कायदा झाला होता, पण मामलेदाराकडे जाऊन नाव लावून घ्यायचं म्हणजे ज्याच्या माडांचे नारळ तीन पिढ्या पाडले त्याच्या तोंडासमोर उभं राहायचं. कचेरीत जायच्या आदल्या रात्री वडील जेवले नाहीत. आईने वाढलेली पेज तशीच थंड झाली, वर साय धरली. चिमणीच्या उजेडात चुलीजवळ बसून ते अभंग पुटपुटत होते, गळ्यात सूर नव्हता, नुसते ओठ हलत होते. भजनी सप्ताहात टाळ घेऊन ते गावच्या देवळाबाहेरच्या मांडवात बसायचे. आत चौकात बसायचा मान आमच्या जातीला नव्हता. त्याच देवाला ते त्या रात्री हाका मारत होते. सकाळी त्यांनी धुतलेला सदरा घातला आणि अर्ज वाचायला मला बरोबर घेतलं, कारण त्यांना अक्षर येत नव्हतं. वाटेत एकच वाक्य बोलले, “आमी चोर न्हय.” कचेरीत अंगठा उठवताना त्यांचा हात हलला नाही, हे मी टेबलाच्या उंचीवरून बघितलं आहे.

देवापुढे भाटकार आणि मुंडकार सारखे, हे देवळाने त्यांना शिकवलं नव्हतं. देऊळ तर उलटच शिकवत होतं. ते त्यांनी त्याच देवाकडून परस्पर घेतलं. तेव्हा ‘त्याच बायबलने गुलामगिरी चालवली’ हे मला शिकवू नका. एकाच देवाच्या नावावर एकाला मांडवात बसवतात आणि दुसरा त्याच नावावर कचेरीत उभा राहतो, हे मी घरात पाहिलं आहे. किंग यांना ते माझ्याहून हजारपट माहीत होतं. १९६३ च्या गुड फ्रायडेला अटक झाल्यावर त्यांनी बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून जे पत्र लिहिलं, ते लिहिलं कुणाला? आठ गोऱ्या धर्मगुरूंना, सात ख्रिस्ती आणि एक ज्यू. सुरुवातीचा मजकूर वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडांवर. त्या पत्रात न्याय्य कायदा आणि अन्याय्य कायदा यांतला फरक ते संत ऑगस्टीन आणि थॉमस अक्वायनस यांच्या आधाराने करतात : जो कायदा माणसाचं माणूसपण वाढवतो तो न्याय्य, जो ते खच्ची करतो तो अन्याय्य. बोस्टन विद्यापीठात डॉक्टरेटसाठी त्यांनी ईश्वरशास्त्रच शिकलं होतं आणि व्यक्ती हेच अंतिम मूल्य मानणारा विचार तिथेच पक्का केला होता. वंशभेदाचा कायदा मोडणं हे राजकारण. तो का मोडायचा, आणि मोडून शिक्षा का भोगायची, याचं उत्तर त्या पत्रात श्रद्धेच्या भाषेत आहे. ती भाषा काढून ते पत्र पुन्हा वाचून पाहा आणि काय उरतं ते मला सांगा.

धर्माची चिकित्सा केली नाही म्हणता, तेही याच पत्राने खोटं ठरतं. गोऱ्या चर्चच्या गप्प बसण्याबद्दल त्यांनी जे लिहिलं ते कुणा नास्तिकाने इतकं कडक लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. आंबेडकरांचं म्हणाल, तर १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला त्यांनी धम्म स्वीकारला, माँटगोमेरीचा बहिष्कार चालू होता त्याच वर्षी. चिकित्सा करून त्यांनी हात रिकामे ठेवले नाहीत. या दोघांना एकमेकांविरुद्ध उभं करायची हौस मला नाही.

गांधींचा मुद्दा किंग यांनीच निकालात काढला आहे : प्रेरणा ख्रिस्ताची, पद्धत गांधींची, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. मीही लेखात तेच म्हटलं होतं.

बंदुकांचं खरं आहे. बॉम्बनंतर त्यांनी परवान्यासाठी अर्ज केला होता, तो नाकारला गेला. पुढे बंदुका घराबाहेर गेल्या. यावरून श्रद्धा खोटी ठरते असं तुम्हाला वाटत असेल तर त्यावर मला वाद घालायचा नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. मी माझ्या नावाने लिहिते, तेव्हा पुढच्या वेळी तुम्हीही नावाने लिहा. आणि देवघराबद्दलचं ते वाक्य मागे घ्यायचं असेल तर खाली तसं लिहा, मी ते लेखाच्या सुरुवातीला लावीन.