आधी चाकामागे चाक, मग वॅट

ठाणे आणि नवी मुंबईतील हौशी सायकल स्पर्धकांविषयी बराच काळ मनात असलेले मत आज सविस्तर मांडते आहे. आपल्याकडे रोड रेसिंगची तयारी म्हणजे पायांतली ताकद आणि दम वाढवणे, असे जवळजवळ सर्वांनी गृहीत धरले आहे. घोळक्यात, म्हणजे पेलोटनमध्ये, सायकल चालवण्याचे कसब मात्र ज्याचे त्याने शर्यतीच्या दिवशीच शिकावे, अशी रीत पडली आहे. ही रीत धोक्याची आहे, आणि महिनोन्‌महिने घाम गाळून तयार झालेले स्पर्धक शर्यतीत मागे राहतात तेही बऱ्याच अंशी तिच्यामुळेच, असे माझे ठाम मत आहे.

शास्त्रशुद्ध सरावाला माझा विरोध नाही, हे आधीच सांगते. पायांचा जोर वॅटमध्ये मोजणारा पॉवर मीटर मीही वापरते. वीस मिनिटे पूर्ण जोर लावून येणाऱ्या सरासरी वॅटचे ९५ टक्के काढायचे, त्याला एफटीपी, म्हणजे साधारण तासभर टिकवता येणारी शक्ती, मानायचे आणि त्यावरून आठवड्याचा सराव आखायचा, ही पद्धत मला मनापासून पटते. पावसाळ्यात रस्त्यांची जी अवस्था होते ती पाहता चार महिने घरात, सायकल जागेवरच चालवायच्या ट्रेनर यंत्रावर काढणेही शहाणपणाचेच आहे. पण ट्रेनरवर हँडल वळवावे लागत नाही, ब्रेक लावावा लागत नाही, आणि पडद्यावरच्या आभासी शर्यतीत आपण दुसऱ्या स्वाराच्या अंगातून आरपार निघून जातो. तिथे वाढलेला दम खरा असतो, पण ऑक्टोबरमध्ये रस्त्यावर उतरल्यावर पुढच्या चाकापासून अर्ध्या मीटरवर ताशी ४० किलोमीटर वेगाने राहण्याची सवय त्यातून लागलेली नसते.

काही महिन्यांपूर्वी आमच्याबरोबर ऐरोलीहून येणाऱ्या एका मुलाने मला विचारले, "ताई, माझा एफटीपी २८० आहे, माझ्यापेक्षा कमी वॅटवाले शेवटपर्यंत पेलोटनमध्ये राहतात, मग मीच का मागे सुटतो?" प्रश्न अगदी रास्त होता. पुढच्या रविवारी मी मुद्दाम त्याच्या मागे राहिले आणि उत्तर पहिल्या काही किलोमीटरांतच दिसले. पुढच्या सायकलपासून तो कायम दोन सायकलींइतके अंतर राखून होता. पुढचा स्वार जरा हलला की याची बोटे ब्रेकवर जात, अंतर वाढे, मग ते भरून काढायला तो उभा राहून जोर मारी, आणि पोहोचला की पुन्हा ब्रेक लावी. इतरांबरोबर त्याच वेगाने जाताना त्यांच्या दीडपट कष्ट तो करत होता, आणि त्यातला मोठा भाग ब्रेकच्या रबरात वाया जात होता.

यामागचे गणित एकदा समजून घेतले की पुढच्या सगळ्या गोष्टी आपोआप उलगडतात. सपाट रस्त्यावर शर्यतीच्या वेगात स्वाराची बहुतेक शक्ती हवा कापण्यात जाते, आणि त्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी ३० वरून ४० किलोमीटरवर जायचे तर हवेविरुद्ध सुमारे २.४ पट शक्ती लागते. मध्यम बांध्याच्या स्वाराला एकट्याने ताशी ४० किलोमीटर राखायला साधारण ३०० वॅट लागत असतील, तर दुसऱ्याच्या चाकामागे नीट बसल्यावर तेच काम २२० वॅटच्या आसपास होते. मोठ्या घोळक्यात हा फायदा किती वाढतो, याचा अभ्यास वायुगतिकीचे संशोधक बर्ट ब्लॉकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. १२१ स्वारांच्या दाट पेलोटनच्या मध्यभागी आणि मागच्या भागात हवेचा विरोध एकट्या स्वाराच्या तुलनेत अवघा ५ ते १० टक्के उरतो, असे त्यांना आढळले. आपल्या हौशी शर्यतींत इतका मोठा आणि दाट घोळका नसतो, त्यामुळे तेवढा फायदा आपल्याला मिळणार नाही. तरीही वर्षभर मेहनत करून एफटीपी २० वॅटने वाढवणाऱ्या माणसाने, चाकामागे नीट बसल्यावर पहिल्याच दिवशी वाचणाऱ्या ८० वॅटकडे दुर्लक्ष करावे, याचे मला मनस्वी वाईट वाटते.

आपल्याकडच्या बऱ्याच शर्यतींचा मार्ग एका रस्त्याने जाऊन, यू-टर्न घेऊन परत येण्याचा असतो, आणि सुटणारे बहुतेक जण याच यू-टर्नपाशी सुटतात. पहिला स्वार ताशी २० किलोमीटर वेगाने वळतो आणि लगेच वेग घेऊ लागतो. त्या क्षणी तिसावा स्वार अजून वळणाच्या अलीकडेच असतो आणि समोर गर्दी झाल्यामुळे त्याचा वेग १० वर आलेला असतो. तो वळून बाहेर येईपर्यंत पुढचे ४० वर पोहोचलेले असतात. प्रत्येक फेरीला हा झटका मागच्यांना बसतो, पुढच्या दहांना जवळजवळ बसत नाही. म्हणून वळणाच्या आधी अर्धा किलोमीटर, रस्ता सरळ असतानाच पुढे सरकून जागा घ्यावी लागते. अशी जागा घ्यायची तर दोन स्वारांमधल्या फटीतून कोणालाही धक्का न देता जाता आले पाहिजे, आणि ते येण्यासाठी खांद्याला खांदा लागल्यावर दचकायचे नाही, ही सवय अंगात मुरलेली असावी लागते.

नवी मुंबईतल्या पाम बीच रोडवर रविवारी पहाटे वाशीहून बेलापूरकडे निघालेला एखादा गट मागून नीट पाहिला, तर त्यात कोण शिकलेला आहे आणि कोण नाही हे ओळखायला वेळ लागत नाही. शिकलेला स्वार पुढच्याच्या चाकाकडे टक लावून पाहत नाही, तो त्याच्या खांद्यावरून तीन-चार जणांच्या पलीकडे पाहतो. वेग किंचित कमी करायचा असेल तर ब्रेक न लावता पाठ थोडी उचलून छातीवर वारा घेतो आणि पाय हलके फिरवत राहतो. खोगिरावरून उभा राहताना पायाचा जोर सोडत नाही, कारण त्या क्षणी जोर सुटला तर सायकल मागच्याच्या तुलनेत वीतभर मागे येते आणि मागच्याचे पुढचे चाक तिला लागू शकते. डाव्या बाजूला उभी गाडी दिसली की डावा हात कमरेमागे नेऊन उजवीकडे सरकण्याची खूण करतो. हिवाळ्यात नेरुळच्या बाजूला फ्लेमिंगो पाहायला थांबलेल्या गाड्यांची दारे कधी उघडतील याचा नेम नसतो, तिथे ही एक खूण मागच्या दहा जणांना वाचवते.

चाकाला चाक लागल्यावर काय होते, हे नव्या स्वारांना कोणीतरी स्पष्ट शब्दांत सांगायला हवे. आपले पुढचे चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाला बाजूने घासले, तर पुढचा बहुधा सावरतो आणि पडतो तो मागचा, कारण सायकलचा तोल पुढच्या चाकाच्या वळण्यावर सांभाळला जातो आणि नेमके तेच वळणे अडते. म्हणून आपले पुढचे चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाला समांतर जाऊ द्यायचे नाही, हा घोळक्यातला पहिला नियम आहे. गेल्या हिवाळ्यात एका हौशी शर्यतीत, अगदी आघाडीला असलेल्या एका दणकट तरुणाने खड्डा उशिरा पाहिला आणि खूण न करता सायकल उजवीकडे ओढली. तो स्वतः सुखरूप निघून गेला. त्याच्या मागच्याचे चाक अर्धे पुढे गेलेले होते, तो पडला, त्याच्यावर आणखी तिघे पडले, आणि त्यांतल्या एकाचा कॉलरबोन मोडला. दहीहंडीत खालच्या थरातल्या एकाचा गुडघा लचकला तर वरच्यांच्या ताकदीचा काही उपयोग होत नाही, तीच गत पेलोटनची असते. व्यावसायिकही यातून सुटलेले नाहीत. २६ जून २०२१ रोजी टूर द फ्रान्सच्या पहिल्या टप्प्यात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका प्रेक्षकाचा फलक टोनी मार्टिन या स्वाराला लागला आणि त्याच्यामागे घोळक्याचा मोठा भाग कोसळला. तिथले स्वार हे कसब वर्षानुवर्षे गिरवत आलेले होते. आपण ते एकदाही न गिरवता पाठीवर स्पर्धकाचा नंबर लावून शर्यतीला उभे राहतो.

पाम बीच रोडची एक खास अडचण आहे, आणि तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. पावसाळ्यात आणि त्याच्या आगेमागे वारा नैऋत्येकडून, म्हणजे खाडीच्या बाजूने, आडवा येतो. आडव्या वाऱ्यात आडोसा थेट मागे मिळत नाही, तो तिरका मिळतो, आणि पुढचा स्वार पुढे राहून वारा कापण्याची आपली पाळी संपवून बाजूला होताना वाऱ्याच्या दिशेने सरकतो, असा नियम आहे. बेलापूरहून वाशीकडे येताना खाडी डाव्या हाताला असते, त्यामुळे डावीकडे, रस्त्याच्या कडेला सरकणे नियमातही बसते आणि सुरक्षितही असते. वाशीहून बेलापूरकडे जाताना मात्र वारा उजवीकडून येतो, आणि नियम पाळायचा तर थकलेल्या स्वाराला भरधाव गाड्यांच्या बाजूला सरकावे लागते. बंद रस्त्यावरच्या शर्यतीत ते योग्य ठरेल, पण खुल्या रस्त्यावर मी त्याच्या सक्त विरोधात आहे. त्या दिशेने जाताना एकेरी रांग ठेवावी आणि बाजूला डावीकडेच व्हावे, वाऱ्याचे थोडे नुकसान सोसावे. गटाने हे निघण्यापूर्वी बोलून ठरवले पाहिजे, कारण दहांपैकी आठ जण डावीकडे सरकणार आणि दोघे उजवीकडे, ही सर्वांत वाईट स्थिती असते.

याच रस्त्यावर स्ट्राव्हा या सायकलफेऱ्या नोंदवणाऱ्या अ‍ॅपवरच्या वेळेसाठी लाल सिग्नल तोडणाऱ्यांविषयी मी एवढेच म्हणेन की त्या आकड्याला स्पर्धक म्हणून काहीही किंमत नाही.

चढाची गोष्ट वेगळी आहे. ठाण्यात उपवनकडून येऊरच्या डोंगरावर चढताना वेग इतका उतरतो की चाकामागे बसण्याचा फायदा थोडाच उरतो, आणि तिथे शरीराच्या वजनाच्या किलोमागे वॅट हाच न्याय असतो. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाटात पहिला येणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणून वेगळा मान मिळतो, तो याच कारणाने योग्य आहे. पण घाटाच्या पायथ्यापर्यंत पाय ताजे ठेवून पोहोचणे हे पुन्हा घोळक्यातल्या कसबाचेच काम असते. आणि येऊरहून उतरताना काही तरुण खोगीर सोडून पुढच्या दांडीवर अंग मुडपून बसतात, त्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे की जागतिक सायकल संघटनेने १ एप्रिल २०२१ पासून व्यावसायिकांनासुद्धा ही बैठक मना केली आहे. येऊरचा रस्ता अरुंद आहे, वळणापलीकडचे दिसत नाही, समोरून टीएमटीची बस येते आणि गावातली माणसे पायी चालत असतात.

आपल्या स्पर्धकांतले बरेच जण दोन वाटांनी येतात, आणि त्या दोन्ही वाटांवर हे कसब शिकवले जात नाही. ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या, करणाऱ्यांचा दम वाखाणण्यासारखा असतो. २०० किलोमीटर साडेतेरा तासांच्या आत, तेही बाहेरच्या मदतीशिवाय पूर्ण करणे सोपे नाही. पण ब्रेव्हे ही शर्यत नसते आणि तिथे घट्ट घोळक्यात राहण्याची गरजही नसते. ट्रायथलॉनवाले एकट्याने वेळेविरुद्ध चालवण्यात तरबेज असतात, मात्र एरोबारवर, म्हणजे हँडलला पुढे जोडलेल्या दांड्यांवर, कोपरे टेकलेली असताना हात ब्रेकपासून दूर असतात. सामूहिक सुरुवातीच्या रोड रेसमध्ये एरोबारला मनाई आहे ती यासाठीच. सरावाच्या गटातही ती मनाई पाळली गेली पाहिजे, मग समोरचा कितीही अनुभवी असो.

आयोजकांकडून माझी अपेक्षा मोठी नाही. ब्रिटनमध्ये नवा स्पर्धक चौथ्या श्रेणीतून सुरुवात करतो आणि १२ गुण मिळवल्यावर तिसऱ्या श्रेणीत जातो. त्यामुळे पहिल्यांदा नंबर लावणारा माणूस थेट मुरलेल्या स्पर्धकांच्या घोळक्यात येऊन पडत नाही. आपल्याकडे वयाचे गट असतात, सायकलींचे गट असतात, पण अनुभवाचे गट क्वचितच दिसतात. स्पर्धक थोड्या असल्या की आम्हा महिलांना पुरुषांच्या एखाद्या गटाबरोबरच सोडले जाते, आणि ज्या मुलीने आजवर पाच जणांपलीकडे कोणाबरोबर सायकल चालवलेली नसते, ती पहिल्याच मिनिटाला साठ-सत्तर अनोळखी स्वारांच्या मध्ये सापडते. शर्यतीच्या आदल्या दिवशी नंबर वाटताना अर्ध्या तासाची चाचणी घेणे अवघड नाही. सरळ रेषेत एका हाताने सायकल चालवणे, मागे वळून पाहताना रेष न सोडणे, दोघांनी कोपराला कोपर लावून शंभर मीटर जाणे, एवढे ज्याला जमते त्याला मुख्य गटात सोडावे आणि बाकीच्यांना पाच मिनिटांनी मागून सोडावे.

असे केल्याने नवे लोक बिचकतील, हा आक्षेप मी नेहमी ऐकते. माझ्या ओळखीत ज्यांनी शर्यती सोडल्या त्यांतल्या बहुतेकांनी, आणि विशेषतः मुलींनी, पहिल्या पडण्यानंतर सोडल्या. चाचणीने घाबरून परत गेलेले अजून कोणी मला भेटलेले नाही, कारण चाचणी असतेच कुठे? ऐरोलीच्या त्या मुलाला आम्ही दोन-तीन महिने दर रविवारी कोणाच्या तरी चाकामागे बसवले, त्याच्या वॅटचा आकडा फारसा हलला नाही, आणि पुढच्या शर्यतीत तो पहिल्या गटाबरोबर शेवटपर्यंत होता.

पाऊस ओसरल्यावर आम्ही काही जण खारघरच्या एका गवताळ मैदानावर हा सराव पुन्हा सुरू करणार आहोत. गवतावर चालण्याच्या वेगाने सायकल चालवायची, मुद्दाम खांदे लावायचे, मुद्दाम पुढच्याच्या मागच्या चाकाला आपले चाक टेकवायचे आणि तोल सावरायला शिकायचे, कारण तिथे पडले तरी लागत नाही. ज्यांना यायचे आहे त्यांनी या पोस्टखाली सांगावे. हेल्मेट आणि हातमोजे सक्तीचे आहेत, बाकी कोणतीही चालती सायकल चालेल.