चरबीतून नवं हृदय? आधी गोळ्या चालू ठेवा

स्टेंट टाकून वर्षही झालं नाही आणि मामा विचारतात, "गोळ्या थांबवल्या तर चालतील ना?" फॅमिली ग्रुपवर मेसेज आलाय: पोटाची चरबी काढून तिच्यातल्या स्टेम सेल (नव्या पेशी बनवू शकणाऱ्या मूळ पेशी) हृदयात टोचल्या की अटॅकने मेलेला भाग महिन्यात नवा होतो. स्वतःच्याच पेशी, म्हणून अपाय नाही. गोळ्यांची गरज नाही. डॉक्टर लपवतात.

आधी गोळ्यांचं. स्टेंट म्हणजे धातूची जाळी. तिच्यावर आतून अस्तर धरेपर्यंत तिथे रक्ताची गुठळी होण्याची भीती असते. अ‍ॅस्पिरिनसोबत दुसरी गोळी देतात ती यासाठीच, अटॅकनंतर साधारण वर्षभर. मनानेच बंद केली तर स्टेंट अचानक तुंबून पुन्हा अटॅक येऊ शकतो आणि तो जिवावर बेतू शकतो. गुठळी होते रक्तवाहिनीत आणि मेसेजवाले सुई टोचणार हृदयाच्या स्नायूत! ज्याने "गोळ्यांची गरज नाही" लिहिलं, त्याला हे कळत नसेल तर त्याने लिहू नये. कळत असेल तर काय बोलावं?

"मेलेला भाग नवा" यात थोडं तथ्य आहे, तेही सांगून टाकतो. 2012 मध्ये अपोलो नावाच्या चाचणीत चरबीतल्या पेशी दिलेल्यांच्या हृदयावरचा व्रण सहा महिन्यांत जवळपास निम्मा झालेला दिसला. पण चाचणीत रुग्ण होते एकूण 14. पुढे डेन्मार्कच्या संशोधकांनी 'सायन्स' नावाची चाचणी केली: 133 रुग्ण, हृदय अशक्त झालेले, काहींना निरोगी दात्यांच्या चरबीतल्या पेशी, काहींना नुसतं औषधाविना इंजेक्शन, कुणाला काय दिलं ते रुग्णालाही ठाऊक नाही. निकाल 2023 मध्ये आला. सहा महिन्यांनी दोन्ही गटांच्या हृदयात फरक नाही. छापून आलेलं आहे सगळं, लपवलंय कुठे?

"स्वतःच्या पेशी, अपाय नाही"? फ्लोरिडातल्या एका क्लिनिकात तीन बायकांच्या डोळ्यांत त्यांच्याच चरबीतल्या पेशी टोचल्या. तिघींची दृष्टी गेली. 2017 मध्ये ते वैद्यकीय नियतकालिकात आलं.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हृदयासाठी असे उपचार फक्त मंजूर चाचणीतच करता येतात. मेसेजखालच्या नंबरावर फोन करायचाच असेल, तर सीटीआरआयचा, म्हणजे भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागा.