जीवशास्त्राची पदवी जोखताना मी आधी जर्नल मागते

मैत्रिणीच्या मुलीने परवा तीन विद्यापीठांची माहितीपत्रकं पाठवली. "मावशी, बायोलॉजीला यातलं कुठलं घेऊ?" तिन्हींवर जवळजवळ एकच फोटो. पांढरा कोट, हातात पिपेट (द्रव मोजून उचलायची नळी), समोर निळ्या पाण्याची बाटली. एका फोटोत तर पिपेटला टिपच, म्हणजे द्रव जिच्यात येतो ती टोकाची नळीच, लावलेली नव्हती!

मी बरीच वर्षं प्रयोगशाळेत आहे, नव्या पदवीधरांच्या मुलाखतीही घेते. त्यामुळे या विषयावरचं माझं मत जरा तिखट आहे, आधीच सांगून ठेवते. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या हाताने किती काम झालं, आणि ते फसलं तेव्हा पुढे काय झालं, एवढं मला कळलं की त्या विभागाबद्दलचं बाकीचं पुष्कळसं आपोआप कळतं.

मागे मुलाखतीला एक मुलगा आला होता. गुण उत्तम. पीसीआर (प्रायमर नावाच्या छोट्या तुकड्यांपासून सुरुवात करून डीएनएच्या हव्या भागाच्या प्रती काढायची पद्धत) विचारलं तर घडाघडा सांगितलं: ९५ अंशांना डीएनएचे धागे सुटतात, ७२ ला प्रती बनवणारं टॅक पॉलिमरेज हे एन्झाइम काम करतं, ते गरम झऱ्यात राहणाऱ्या जिवाणूपासून मिळालं. सगळं बरोबर. म्हटलं, आता १० मायक्रोलिटर पाणी घेऊन दाखव. त्याने बटण थेट तळापर्यंत दाबलं आणि मग टिप पाण्यात बुडवली. मायक्रोपिपेटच्या बटणाला दोन थांबे असतात. घेताना पहिल्यापर्यंतच दाबायचं, सोडताना दुसऱ्यापर्यंत. घेतानाच तळ गाठला तर द्रव जास्त येतो आणि पुढचं सगळं गणित बिघडतं. पिपेट हातात मिळाली तर हे पाच मिनिटांत समजतं. तो म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे त्याचा डेमो असायचा." आता त्या पोराला काय बोलणार?

आणि मी तरी कुठे वेगळी होते! आम्हाला कांद्याच्या मुळाच्या टोकाचं प्रॅक्टिकल होतं. टोक कापायचं, आम्लात मऊ करायचं, रंग द्यायचा, कव्हरस्लिपखाली अंगठ्याने दाबायचं आणि पेशीविभाजनाच्या अवस्था बघायच्या. माझ्या स्लाइडवर बहुतेक पेशी नुसत्या गोल केंद्रक घेऊन बसलेल्या, म्हणजे इंटरफेजमध्ये, दोन विभाजनांच्या मधल्या अवस्थेत. हे अगदी स्वाभाविक आहे, कारण पेशीचा बराचसा वेळ त्याच अवस्थेत जातो. मी दिसलं तसं काढलं. तपासताना मॅडमनी पान फाडायला लावलं. "पुस्तकातली आकृती काढ, मेटाफेज नीट दिसला पाहिजे." मेटाफेज म्हणजे गुणसूत्रं पेशीच्या मधोमध रांगेत येतात ती अवस्था. आमच्या अख्ख्या बॅचच्या जर्नलमध्ये, म्हणजे प्रॅक्टिकलच्या वहीत, एकच मेटाफेज होता, सगळ्यांचा डावीकडे किंचित कललेला, कारण पुस्तकातला कललेला होता. सगळ्यांना सही मिळाली. कांद्याच्या पेशीत १६ गुणसूत्रं असतात हे आम्हाला पाठ होतं. मोजली कुणीच नव्हती.

मोजण्यावरून आठवलं. १९२३ मध्ये थिओफिलस पेंटर या शास्त्रज्ञाने माणसाच्या पेशीत ४८ गुणसूत्रं असल्याचं लिहिलं, आणि पुढची तीसेक वर्षं जगभर ४८ हाच आकडा शिकवला गेला. मग १९५२ च्या सुमारास टेक्सासमधल्या एका प्रयोगशाळेत मिठाचं द्रावण कुणाकडून तरी चुकून पातळ झालं. त्यात पेशी फुगल्या, आणि एकावर एक चढून बसलेली गुणसूत्रं सुटी सुटी पसरली. त्या चुकीचंच तंत्र झालं. १९५५ च्या डिसेंबरात स्वीडनमधल्या लुंड शहरात जो हिन चिओ नावाच्या शास्त्रज्ञाने ते वापरून शांतपणे मोजलं, तर ४६. सहकारी अल्बर्ट लेवान यांच्यासोबतचा तो निबंध १९५६ मध्ये आला. डीएनएची दुपेडी रचना १९५३ मध्येच मांडली गेली होती, म्हणजे आपली गुणसूत्रं किती हे त्यानंतर नक्की झालं! हा किस्सा बऱ्याच वर्गांत सांगतात. ज्या विभागात पातळ झालेलं द्रावण गुपचूप ओतून शेजारच्याचं रीडिंग उतरवायची सवय आहे, तिथे तो ऐकताना मला हसू येतं.

म्हणून मी मैत्रिणीच्या मुलीला सांगितलं, अभ्यासक्रमाच्या पीडीएफमध्ये क्रिस्पर (जनुकं कापून बदलायचं तंत्र) आहे का हे शोधत बसू नकोस. ते सगळीकडे असतं, शब्द टाकायला काय लागतं. गेल्या चार-पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका माग. त्यात नुसतं 'टिपा लिहा' आणि 'फरक स्पष्ट करा' असेल तर पीडीएफ कितीही झकास असो, शिकवणं त्याच वळणाने जाणार. एखादा ग्राफ देऊन 'यावरून काय म्हणता येईल आणि काय म्हणता येणार नाही' असं विचारलेलं दिसलं, तर तिथे कुणीतरी विचार करणारं बसलंय.

संख्याशास्त्र बघ. बायोलॉजीला आलेली निम्मी पोरं गणितापासून पळून आलेली असतात आणि विभागही त्यांना कुरवाळतात. पण तीन झाडं मोजायची की तीस, आणि एकाच झाडाची तीस पानं मोजली तर ती तीस धरायची की एक, हे ज्याला कळत नाही त्याच्या प्रयोगाचं पुढे काही होत नाही. उत्क्रांती शेवटच्या सेमिस्टरला उरकतात का, तेही बघ. फील्डवर्क म्हणजे सहल असते की वहीत नोंदी होतात, हे तिथल्या पोरांना विचार. एका मायक्रोस्कोपवर किती जण, हे तर आधी विचार.

विद्यापीठांच्या क्रमवारीचं मला फारसं कौतुक नाही. २००३ पासून निघणारी शांघाय क्रमवारी घ्या. तिच्यात ३० टक्के वजन माजी विद्यार्थ्यांना आणि प्राध्यापकांना मिळालेल्या नोबेल आणि (गणितातल्या) फील्ड्स पदकांना आहे. पीएचडीला जाणाऱ्याला त्यातून थोडंफार कळेल. पहिल्या वर्षाच्या पोरीला प्रॅक्टिकलला कोण शिकवणार, हे त्यात कुठेच नसतं. नोबेलवाले सर तिला कॉरिडॉरमध्ये दिसले तरी पुष्कळ.

एक मात्र मान्य करते. भरपूर हात चालवायला देणारा, पण 'का' न शिकवणारा विभागही असतो. तिथून किट (प्रयोगाच्या साहित्याचा तयार संच) उघडून पायऱ्या बिनचूक करणारी पोरं येतात, आणि किटमधली बाटली संपली की थांबतात. पण असे विभाग मला कमी भेटले. डेमोवाले ढीगभर.

मुलगी तिन्ही ठिकाणी जाऊन आली. तिला एकच प्रश्न दिला होता: तिसऱ्या वर्षाच्या कुणालाही गाठून विचार, तुझा शेवटचा फसलेला प्रयोग कुठला? पहिल्या ठिकाणी मुलं एकमेकांकडे बघायला लागली. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, आमचे प्रयोग फसत नाहीत. तिसरं क्रमवारीत बरंच खाली आहे, त्यावरून तिच्या आईचा मला फोनही येऊन गेला. तिथल्या एका मुलीने आपलं जर्नलच उघडून दाखवलं. तिला विचारून हिने फोटो काढला आणि मला पाठवला. जेलचा, म्हणजे डीएनएचे तुकडे आकारानुसार वेगळे करून रेषांसारखे (बँड) दाखवणाऱ्या थराचा, काळा चौकोन चिकटवलेला, एका कडेला तुलनेसाठीची मार्करची शिडी, बाकी सगळं रिकामं. खाली लाल शाईत: 'बँड नाही. प्रायमर घातला होता का? पुन्हा करा.' त्याखाली पेन्सिलीने, बहुधा तिचंच: 'नव्हता.'