घसरगुंडी बांधली म्हणून विद्यापीठ वाढलं?

गेले काही आठवडे चर्चच्या मंडळीच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. वर "जय ख्रिस्त", खाली हिरव्या डोंगरउतारावरच्या पांढऱ्या घसरगुंडीचा फोटो, आणि मधला मजकूर थोडक्यात असा: अमेरिकेत व्हर्जिनियामधलं लिबर्टी विद्यापीठ १९७१ मध्ये १५४ विद्यार्थ्यांवर सुरू झालं, आज तिथे लाखावर विद्यार्थी आहेत. कारण त्यांनी विश्वासाने आधी भव्य बांधलं. स्टेडियम, बर्फाशिवाय स्कीइंग करायचा उतार (म्हणजे फोटोतली घसरगुंडी), आकाशाला भिडणारा मनोरा. पैसा मागून आला. आपल्या ख्रिस्ती कॉलेजांना विद्यापीठ व्हायचं असेल तर आधी मोठं सभागृह आणि मैदान बांधा, प्रयोगशाळा आणि वसतिगृहं सावकाश होतील.

एरवी मी असलं काही वाचून पुढे सरकतो. पण मी एका लहान ख्रिस्ती कॉलेजच्या बांधकाम समितीवर आहे, आणि मागच्या बैठकीत हा मजकूर मोठ्याने वाचून दाखवला गेला. दोघांनी "आमेन"ही म्हटलं. तेव्हा उत्तर द्यायलाच हवं.

"आधी बांधलं, मग वाढलं." लिंचबर्ग शहरातल्या थॉमस रोड बॅप्टिस्ट चर्चचे पाळक जेरी फॉलवेल यांनी हे कॉलेज काढलं तेव्हा वर्ग चर्चच्याच खोल्यांत भरत. जानेवारी १९७७ मध्ये विद्यार्थ्यांनी मोकळ्या डोंगरावर बर्फात गुडघे टेकून इमारतींसाठी प्रार्थना केली. (मजकूर लिहिणाऱ्याने ही गोष्ट कशी सोडली कोण जाणे. घसरगुंडीपेक्षा कितीतरी हृदयस्पर्शी आहे.) पुढे इमारती झाल्या. १९८९ मध्ये अमेरिकन फुटबॉलचं स्टेडियम उभं राहिलं, १९९० मध्ये घुमटाचं मोठं क्रीडागृह. मजकुराचं गणित खरं असेल तर इथून भरभराट सुरू व्हायला हवी होती. झालं उलटंच. त्याच सुमाराला संस्थेच्या डोक्यावर दहा कोटी डॉलरच्या वर कर्ज चढलं आणि ती बुडते की राहते अशी वेळ आली. स्टेडियममुळे कर्ज झालं असं मी म्हणत नाही. १९८७ मध्ये टीव्हीवरच्या ख्रिस्ती धर्मप्रचारकांच्या भानगडी बाहेर आल्या, लोकांचा विश्वास उडाला आणि देणग्या आटल्या, हे त्याचं मोठं कारण. पण देणग्या आटल्यावर स्टेडियम आणि घुमट यांपैकी कोणीही संस्थेला तारलं नाही. उरलेलं कर्ज फिटलं ते २००७ मध्ये, फॉलवेल वारले आणि त्यांच्या आयुर्विम्याचे सुमारे २ कोटी ९० लाख डॉलर विद्यापीठाला मिळाले तेव्हा. आपल्या समितीने हा मार्ग धरायचा का? आमचे अध्यक्ष चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, त्यांना विचारून बघतो.

"लाख विद्यार्थी सुविधा बघून आले." हा मुद्दा तर मुळातच कोसळतो, कारण ते लाखभर विद्यार्थी त्या डोंगरावर राहतच नाहीत. परिसरात राहून शिकणारे साधारण पंधरा-सोळा हजार. बाकीचे घरून शिकतात. नोकरी करणारे, सैन्यातले, लेकरं झोपल्यावर लॅपटॉप उघडणाऱ्या आया. याची सुरुवात १९८५ मध्ये झाली, व्याख्यानांच्या व्हिडिओ कॅसेट टपालाने घरोघरी पाठवून. देवाचा आशीर्वाद म्हणा की दूरदृष्टी, इंटरनेट आलं तेव्हा घरी शिकवण्याची घडी आधीच बसलेली होती. आता वर्षं बघा. कॅसेट १९८५. घसरगुंडी २००९. पाच कोटी डॉलरचं नवं ग्रंथालय, जिथे यंत्रमानव पुस्तकं काढून देतो, २०१४. स्टेडियम पंचवीस हजार आसनांचं झालं २०१८ मध्ये, आणि मनोराही त्याच वर्षी. घरून शिकणाऱ्यांच्या फीमुळे गंगाजळी वाढली, मग डोंगरावर बांधकामं निघाली. मजकुराने गाडीच्या मागे बैल जुंपले आहेत.

"देणगीदार इमारतीलाच पैसे देतात." अर्धं खरं आहे, म्हणून जास्त घातक. दगडावर नाव कोरलेलं सगळ्यांनाच आवडतं. लिबर्टीच्या स्टेडियमलाही विमा व्यवसायातल्या एका देणगीदाराचं नाव आहे. पण फीचा मोठा भाग अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या विद्यार्थी कर्जातून आणि अनुदानांतून येतो, तो देणगी नाही. आणि लिबर्टीला मिळालेल्या देणग्यांतली मला सगळ्यात शहाणपणाची वाटते ती कुठल्याच फॉरवर्डमध्ये येत नाही. एरिक्सन कंपनीने लिंचबर्गमधला आपला मोबाइल फोनचा कारखाना बंद केला होता. हॉबी लॉबी या दुकानांच्या साखळीच्या मालक कुटुंबाने तो विकत घेऊन २००४ मध्ये विद्यापीठाला दिला. आठ लाख चौरस फुटांहून मोठं, छप्पर घातलेलं, वीज-पाणी असलेलं बांधकाम. त्याच वर्षी विधी महाविद्यालय त्या कारखान्यात सुरू झालं. फोटो काढण्यासारखं त्यात काही नाही. पण आपल्याकडे बंद पडलेल्या गोदामांना आणि मिशनच्या ओस पडलेल्या बंगल्यांना काय तोटा आहे?

पुण्यात स्पायसरवाल्यांचं बघा. १९४२ पासून औंधजवळच्या त्या परिसरात बसलेली ही ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाची संस्था २०१४ मध्ये कायद्याने विद्यापीठ झाली. कित्येक पुणेकरांना ती कशामुळे माहीत आहे? बेकरीमुळे. ब्राऊन ब्रेडमुळे.

"उंच मनोरा ही साक्ष आहे." लिबर्टीचा फ्रीडम टॉवर २७५ फूट उंच आहे, त्यात ईश्वरविज्ञानाचं महाविद्यालय आणि वर घंटा. छान आहे. पण बुरुजाबद्दल बायबलात लूक १४ मध्ये काय लिहिलंय ते आपण सगळ्यांनी रविवारच्या शाळेत पाठ केलंय, आणि तिथे आधी बसून खर्चाचा हिशेब करायला सांगितलंय. साक्षीचाच विषय निघाला आहे तर मार्च २०२४ ची गोष्टही सांगू. परिसरातल्या गुन्ह्यांची नोंद आणि माहिती कायद्याप्रमाणे न ठेवल्याबद्दल, त्यात लैंगिक अत्याचाराच्या तक्रारींची हाताळणीही आली, अमेरिकी शिक्षण खात्याने लिबर्टीला १ कोटी ४० लाख डॉलर दंड केला. त्या कायद्याखालचा तोवरचा हा सर्वांत मोठा दंड. शिवाय परिसराच्या सुरक्षेवर आणखी २० लाख डॉलर खर्च करायचं विद्यापीठाने कबूल केलं. मनोरा होता, स्टेडियम होतं. मुलीने तक्रार घेऊन जावं आणि तिचं ऐकून घेतलं जावं, एवढी सोय कमी पडली.

मैदान नकोच असं माझं म्हणणं नाही. टेक्सासमधल्या बेलर या बॅप्टिस्ट विद्यापीठाने २०१४ मध्ये २६ कोटी ६० लाख डॉलरचं स्टेडियम बांधलं, पण त्याच्या दहा वर्षं आधी २००४ मध्ये विज्ञानाची प्रचंड इमारत उभी केली होती. २०२१ च्या अखेरीस बेलर संशोधनाच्या वरच्या श्रेणीत गेलं, तेव्हा स्टेडियम मोजलं गेलं नाही. संशोधनावरचा खर्च आणि पीएचडींची संख्या मोजली गेली.

आमच्या कॉलेजात मुलींच्या वसतिगृहाच्या दुसऱ्या मजल्यावर चाळीस जणींना तीन संडास आहेत, त्यातल्या एकाची कडी लागत नाही. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत धूर ओढणारा पंखा दोन वर्षं बंद आहे. सभागृहाचा नकाशा मात्र रंगीत छापून तयार आहे, आठशे आसनांचा. पुढच्या बैठकीत मी तो ठराव मागे ठेवायला सांगणार आहे, आणि त्याआधी अध्यक्षांना आणि "आमेन"वाल्या दोघांना दुसऱ्या मजल्यावर घेऊन जाणार आहे. वॉर्डनबाईंशी बोलणं झालंय. सकाळी साडेसहाला या म्हणाल्या, रांग तेव्हा असते.