पंचेचाळीसची की पंचाहत्तरची?

सिंहगड रस्त्यावरच्या कट्ट्यावर संध्याकाळी विषय निघाला तो सोन्याच्या गाडीवरून. डिझेल विकायचं आणि इलेक्ट्रिक एसयूव्ही घ्यायची, इथवर त्याचं ठरलंय. रोजचं येणं-जाणं ५० किलोमीटर, घरात पाच माणसं आणि वर्षातून चार वेळा मालवण, त्यात गणपतीला तर जायचंच. त्याने शोरूमची पत्रकं मांडीवर पसरली आणि म्हणाला, "मोठ्या बॅटरीची घ्यायची. एकदा भरली की मालवण गाठायचं."

"आधी पार्किंग सांग," फिटर म्हणाला. इलेक्ट्रिकची कामं घेणारा माणूस, त्यामुळे त्याची सुरुवात नेहमी मीटररूमपासून होते.

"दुसऱ्या बेसमेंटला. मीटररूमपासून चाळीसेक मीटर."

"मग गाडीच्या आधी वायर ठरव. ७.२ किलोवॉटचा चार्जर ३२ अँपिअर ओढतो, तोही सलग सहा-सात तास. चाळीस मीटरवर ६ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर टाकलीस तर आठेक व्होल्ट वाटेतच जातात आणि वायर रात्रभर कोमट राहते. १० ची टाक, नुकसान पाच व्होल्टच्या आत येतं. चाळीसची एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की पडणारा स्विच, ३० मिलिअँपची आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, आणि तीही ए टाइपची. दुकानदार साधी एसी टाइप हातात देईल, ती घेऊ नकोस. गाडीच्या चार्जरमधून डीसी गळती झाली तर साधी आरसीसीबी आंधळी होते, खरा झटका बसला तरी पडत नाही."

"पण ७.२ हवाच कशाला?" मास्तरांनी विचारलं. मास्तर भौतिकशास्त्र शिकवायचे, निवृत्त झालेत. "पन्नास किलोमीटरला बॅटरीतून सातेक युनिट जातात. चार्जिंगमधली तूट धरून मीटरवर आठ. साध्या पंधरा अँपच्या पॉइंटवर ते तीन तासांत भरतं. मंजूर भार वाढवायला नको, सोसायटीशी भांडायला नको."

"पंचेचाळीस युनिटांची (kWh) बॅटरी असेल तर चालेल," फिटरने मान्य केलं. "रिकामी गाडी पंधरा-सोळा तासांत भरते. याने ७९ ची घेतली तर तीच गाडी त्याच पॉइंटवर सव्वा दिवस लटकून राहील. आणि पंधराचा पॉइंट म्हणजे गीझरचा नव्हे. स्वतंत्र ४ स्क्वेअर एमएमची वायर, स्वतंत्र एमसीबी आणि पिना घट्ट धरणारं औद्योगिक सॉकेट. घरगुती सॉकेटमधली पत्ती ढिली असली की तिथे उष्णता साठते, प्लग आधी पिवळा पडतो, मग वितळतो. दर महिन्याला तासभर चार्जिंग झाल्यावर प्लगला हात लावून बघायचं. कोमट ठीक, चटका बसला तर सॉकेट बदलायचं."

इथे वकील मध्ये पडले. "मीटर वेगळा घे रे. रोज आठ म्हणजे महिन्याला २४० युनिट. घरच्या मीटरवर घेतलेस तर महावितरणच्या घरगुती टप्प्यांत तू शंभर ते तीनशेच्या टप्प्यातून उडी मारून वर जातोस आणि तीनशेच्या वरची सगळी युनिटं त्या महाग दरात मोजली जातात. ईव्हीसाठी वेगळी जोडणी मिळते, तिला ही टप्प्यांची चढण नाही."

आता मुख्य वाद. सोन्याने आकडे वाचून दाखवले. नेक्सॉन ईव्ही, ४५ ची बॅटरी, ४८९ किलोमीटर. क्रेटा इलेक्ट्रिक, ५१.४ ची, ५१०. हॅरिअर ईव्ही, ७५ ची, ६२७. महिंद्रा एक्सईव्ही ९ई, ७९ ची, ६५६.

"हे सगळे एमआयडीसी, म्हणजे मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल या चाचणीचे आकडे," मास्तर म्हणाले. "त्या चाचणीत गाडी ताशी ९० च्या वर कधी जातच नाही आणि बराचसा भाग शहरी संथ वेगाचा असतो. हवेचा रोध वेगाच्या वर्गात वाढतो. ८० चे १०० केलेस तर रोध दीडपटीहून जास्त. समृद्धीवर १२० ची मुभा आहे, तिथे शंभरच्या तुलनेत आणखी ४४ टक्के. म्हणून पत्रकातल्या आकड्याचा सत्तर टक्के धरायचा, महामार्गावर जोरात जाणार असशील तर साठ. टाटा स्वतःच त्या ४८९ वाल्या गाडीचा रोजच्या वापरातला पल्ला ३५० ते ३७० सांगते."

"म्हणजे मालवणला मोठीच हवी!" सोन्या लगेच म्हणाला.

"थांब, हिशोब करू." मास्तरांनी पत्रकाच्या मागे आकडे मांडले. पुणे ते कोल्हापूर २३० च्या आसपास, तिथून फोंडा घाटाने मालवण दीडशे. पाच माणसं आणि सामान घेऊन, एसी लावून, ८०-९० च्या वेगाने छोटी गाडी शंभर किलोमीटरला १५ युनिट खाते, मोठी साडेसतरा. खालचे १५ टक्के हात लावायचे नाहीत, ते चार्जर बंद सापडला तर पुढच्यापर्यंत जाण्यासाठी. मग ४५ च्या गाडीला २५५ किलोमीटर मिळतात आणि ७९ च्या गाडीला ३८०.

"बघ. छोटी गाडी कोल्हापूरला टेकते, पण काठावर. मोठी मालवणला टेकते, तीही काठावरच. दोन्ही गाड्यांना शहाणा माणूस वाटेत एकदा तरी थांबवणारच. छोटीला कराडच्या आसपास वीस मिनिटं आणि कोल्हापुरात चाळीस. मोठीला कोल्हापुरात अर्धा तास. वर्षातून चार वेळा हा अर्धा तास वाचवायला तू आठ लाखांच्या वर मोजणार?"

हा सगळ्या चर्चेतला सर्वांत नेमका प्रश्न होता आणि लिहिणाऱ्याचं मतही मास्तरांच्याच बाजूचं आहे. पण कट्ट्यावरच्या भाऊला ते पटलं नाही, आणि त्याचे मुद्दे वजनदार होते.

"तुम्ही चार्जरवर लिहिलेला आकडा खरा धरताय," भाऊ म्हणाला. "६० किलोवॉटच्या पुष्कळ यंत्रांना दोन गन, म्हणजे गाडीला लावायचे प्लग, असतात. शेजारी दुसरी गाडी लागली की दोघांना तीस-तीस. मग तुमची चाळीस मिनिटं सव्वा तास होतात. गणपतीच्या आदल्या दिवशी रांग असते ती वेगळीच. मोठ्या बॅटरीवाला म्हणतो, इथे गर्दी आहे, पुढे बघू. छोट्या बॅटरीवाल्याला तो पर्याय नाही. मोठी बॅटरी म्हणजे न थांबणं नव्हे, कुठे थांबायचं ते आपण ठरवणं."

"हे खरं," मास्तरांनी कबूल केलं. "पण मग ती १७५ किलोवॉटने भरते हे कौतुक सोडून दे. समोर ६० चंच यंत्र असेल तर ७९ ची बॅटरी वीसपासून ऐंशीपर्यंत भरायला तासभर लागतोच. आणि ऐंशीनंतर कुठलीही गाडी वेग कमी करते. शेवटच्या वीस टक्क्यांसाठी महामार्गावर उभं राहायचं नाही, मागे रांग असताना तर अजिबात नाही."

मग घाट आला. २ टनांची भरलेली गाडी समुद्रकाठावरून ६०० मीटर वर आणायची तर नुसत्या उंचीचे सव्वातीन युनिट लागतात, मोटरमधली तूट धरून पावणेचार. उतरताना त्यातले दोनेक परत मिळतात. पुणे आणि कोल्हापूर जवळपास सारख्याच उंचीवर आहेत, त्यामुळे तिथपर्यंत गोळाबेरीज सारखी. फरक पडतो तो कोल्हापूरच्या पुढे. जाताना कोल्हापूरहून ८० टक्क्यांवर निघालेली ४५ ची गाडी मालवणला चौतीस-पस्तीसवर पोचते. येताना तीच दीडशे किलोमीटरं सव्वीस युनिट खातात, म्हणजे साठ टक्के. म्हणून मालवणहून निघताना किमान ८०, जमलं तर ९० हवेत. नव्वदपर्यंतचा फरक पंचवीस युनिटांचा, आणि तो गावच्या घरी रात्री नऊ तासांत भरायचा.

"आणि तिथेच माशी शिंकते," फिटर म्हणाला. "गावातल्या जुन्या घराला अर्थिंग नसतं, किंवा असून नसल्यासारखं. चार्जर लाल दिवा दाखवतो आणि चालूच होत नाही. मग गावचा वायरमन प्लग उघडून न्यूट्रल आणि अर्थ जोडतो, हिरवा दिवा लागतो, सगळे खूश. हे कधीही करू द्यायचं नाही. पाठीमागे न्यूट्रल तुटला तर गाडीच्या पत्र्यावर थेट २३० व्होल्ट येतात. पावसात ओल्या अंगणात उभं राहून मूल दाराला हात लावेल. त्यापेक्षा नवीन अर्थपिट कर, दोन-अडीच मीटरचा इलेक्ट्रोड, जांभा दगड असेल तर सोबत बेंटोनाइट, म्हणजे ओल धरून ठेवणारी माती. मग मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये माप. दोन-तीन व्होल्टच्या आत आलं की चार्जर कुरकुर करत नाही. व्होल्टेज १९० वर उतरत असेल तर चार्जरची सेटिंग १० अँपवर आण, वेळ लागू दे. आणि एक्स्टेन्शन बोर्ड तर नकोच."

सोन्याने विचारलं, सोसायटीच्या जनरेटरवर चालेल का? पुष्कळदा नाही. जनरेटरचा न्यूट्रल जमिनीला जोडलेला नसेल तर चार्जरला अर्थ सापडत नाही आणि तो थांबतो. तो गाडीचा बिघाड नसतो.

बॅटरीच्या रसायनावर फार वेळ गेला नाही. यादीतल्या टाटा आणि महिंद्राच्या गाड्यांत एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) आहे, क्रेटा इलेक्ट्रिकमध्ये एनएमसी (निकेल, मँगनीज, कोबाल्ट). एलएफपी तेवढ्याच युनिटांना जड, पण उष्णता जास्त सोसते आणि शंभरपर्यंत भरलेली तिला चालते. उलट तिचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळपास सपाट असल्यामुळे गाडीला शिल्लक नीट मोजता येत नाही. सतत ४० ते ७० मध्ये फिरवली की काट्यावर २२ दिसत असताना एकदम १४ होतात. यावर उपाय, महिन्यातून एक-दोनदा घरच्या संथ चार्जरवर पूर्ण शंभर करायची आणि लगेच प्लग काढायचा नाही, पेशी समतोल होऊ द्यायच्या. एनएमसी रोज ८० वरच थांबवावी, प्रवासाच्या आदल्या रात्री शंभर. एक सावधगिरी दोन्हींना लागू: महाबळेश्वरला रात्री शंभर भरून सकाळी पसरणी घाट उतरू नये. भरलेल्या बॅटरीत जागा नसते, मोटर ब्रेक लावत नाही आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. ८५ वर थांबवली तर उतारावर फुकट भरते.

मोठा भडका उडाला तो चाकांवरून. नेक्सॉन आणि क्रेटा पुढच्या चाकांवर चालतात. हॅरिअरची साधी आवृत्ती आणि महिंद्राची ९ई मागच्या चाकांवर. हॅरिअरमध्ये चारही चाकांची आवृत्ती वेगळी मिळते. भाऊचं म्हणणं, कोकणात घराकडे जाणारी शेवटची शंभर मीटर लाल मातीची, शेवाळलेली चढण असते. चढताना वजन मागे सरकतं, पुढची चाकं हलकी होतात, आणि इलेक्ट्रिक मोटर पाय ठेवताच पूर्ण जोर देते. पुढची चाकं जागच्या जागी फिरतात.

"इको मोड लाव आणि पाय हळू ठेव, नव्वद टक्के वेळा निघते," मास्तर म्हणाले.

"आणि उरलेल्या दहा वेळा सासुरवाडीची माणसं ढकलायला बोलवायची?" भाऊ मागे हटला नाही. त्याच्या मते ज्याच्या वाटेत अशी चढण आहे त्याने पुढच्या चाकांची इलेक्ट्रिक घेऊच नये. चारही चाकांची मात्र गरज नाही, मागची पुरतात.

वकिलांनी विम्याचा मुद्दा काढला आणि तो सगळ्यांनी वहीत लिहून घ्यावा असा आहे. बॅटरीची आजीवन वॉरंटी, म्हणजे कागदावर पंधरा वर्षं, पहिल्या मालकाला असते. गाडी विकली की अटी बदलतात, तेव्हा त्या नोंदणीआधीच वाचायच्या. बॅटरीची क्षमता किती टक्क्यांखाली गेली की बदलून देणार, हे लेखी मागायचं. आणि बॅटरीच्या तळाला दगड लागून खोबण पडली तर ती वॉरंटीत येत नाही, तो विम्याचा दावा. त्यासाठी झिरो डेप, म्हणजे घसारा न कापता भरपाई देणारी जोड, आणि बॅटरीचं वेगळं संरक्षण दोन्ही हवं. थर्ड पार्टी हप्त्यात इलेक्ट्रिकला १५ टक्के सूट आहे, पण ती वाचवून बॅटरीचं संरक्षण गाळणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, तेही नव्या, धक्का न लागलेल्या खोक्याला. खोबण पडलेल्या खोक्याला तो आकडा लागू नाही.

पाच माणसांचा प्रश्न शेवटी आला, खरं तर तो दुसरा यायला हवा होता. इलेक्ट्रिक गाडीत तळाला बॅटरी असल्याने मागची जमीन वर येते, गुडघे उंचावतात आणि मांडीखालचा आधार जातो. दहा मिनिटांच्या टेस्ट ड्राइव्हमध्ये हे कळत नाही, सात तासांत पाठ सांगते. नेक्सॉनची डिकी ३५० लिटरची, हॅरिअरची ५०२. गणपतीच्या सामानाला हा फरक बॅटरीच्या फरकापेक्षा मोठा आहे.

"घरातली सगळ्यात उंच दोन माणसं मागे बसव, मधे आई," मास्तर म्हणाले. "ट्रिप मीटर शून्य कर, एसी लावून बायपासवर ३० किलोमीटर ९० ने चालव आणि किलोमीटरमागे किती खाल्लं ते लिहून घे. स्टेपनी आहे की नुसती पंक्चर किट, डिकीचा तळ उचलून बघ."

"आणि बुकिंगचे पैसे भरायच्या आधी," फिटर म्हणाला, "विक्रेत्याला सांग, डेमो गाडी आमच्या बेसमेंटला आण. तुझ्याच पॉइंटवर तासभर लावू. रविवारी सकाळी आणलीस तर मी मीटर घेऊन येतो."

सोन्याने नेक्सॉन आणि हॅरिअरची ६५ ची, अशी दोन पत्रकं खिशात ठेवली, बाकीची परत केली. भाऊ त्याला विचारत होता, मालवणच्या घराची चढण काँक्रीटची करून घ्यायला किती खर्च येईल.