आईचा अप्रोच अँगल

आमच्या घरात सध्या पाच जण राहतात: मी, बायको, मुलगा, आई आणि एक एक्सेल शीट. शीटला तेवीस रकाने आहेत. ती रात्री साडेदहाला उघडते आणि बायकोने "दिवा घालवा आता" म्हटलं की मिटते. गेली काही वर्षं हे चालू आहे.

विषय साधा होता. बारा वर्षांची हॅचबॅक द्यायची आणि नवी गाडी घ्यायची. इंदूरचा शहाणा माणूस हे काम एका रविवारात उरकतो. सकाळी पोहे-जलेबी, मग शोरूम, मग गाडीला हार घालून खजराना गणपती, संध्याकाळी सराफ्याच्या खाऊगल्लीत नातेवाइकांना पार्टी. मला मात्र फोर बाय फोरचा, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर देणाऱ्या गाडीचा, किडा चावला. तो चावला मिशिगनहून.

तिथे माझा मेहुणा राहतो. २०२१ मध्ये त्याला गाडी घ्यायची होती आणि जीप रँग्लर की फोर्ड ब्रॉन्को या प्रश्नाने त्याची झोप उडाली होती. त्याला वाटलं, माझीही उडावी. फोनवर त्याने समजावून सांगितलं की ब्रॉन्कोला कारखान्यातूनच एक पॅकेज बसवून मिळतं, त्याचं नाव सॅसक्वॉच. पस्तीस इंची टायर, पुढे-मागे लॉक होणारे डिफरन्शियल (एका आसाच्या दोन चाकांत जोर वाटून देणारे गिअर), बिल्स्टाइनचे शॉकअप, सगळं गॅरंटीसकट. फोन स्पीकरवर होता. आतून आई म्हणाली, "सासूच? काय झालं सासूचं?"

"सासूचं काही नाही आई, सॅसक्वॉच. अमेरिकेतल्या दंतकथेतला जंगली केसाळ राक्षस असतो."

"मग तेच," असं बायको भाजी चिरता चिरता म्हणाली. कोणाची सासू हे तिने सांगितलं नाही.

फोर्डने राक्षस आणल्यावर जीप काय गप्प बसणार? त्यांनी रँग्लरच्या रुबिकॉन या व्हेरिएंटसाठी एक्स्ट्रीम रेकॉन नावाचं पॅकेज काढलं. टायर तेच पस्तीस इंची, गाडी दीड इंच वर उचललेली, आणि आसाचा गिअर रेशो ४.१० वरून ४.५६ केलेला. हे शेवटचं मला फार आवडलं. टायर मोठा केला की इंजिनाला तो फिरवणं जड जातं, म्हणून गिअर हलका करावा लागतो. चौकातला मेकॅनिक नुसते मोठे टायर चढवतो आणि गाडी दम लागलेल्या काकांसारखी चालायला लागते. कारखाना हा हिशेब आधी करतो. किंमत ३,९९५ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने तीन लाखांच्या आसपास.

पस्तीस इंच म्हणजे किती, हे मी टेप घेऊन घरात मोजलं. आमचा स्वयंपाकाचा ओटा बत्तीस इंच निघाला. म्हणजे नुसतं चाक ओट्याच्या तीन इंच वर. ते ऐकून आईने चहाचा कप खाली ठेवला. "आणि बसायचं त्याच्याही वर?"

हा प्रश्न मी तेव्हा मनावर घेतला नाही. तो घेतला असता तर हा लेख लिहावा लागला नसता.

मेहुण्याने कोणती गाडी घेतली ते सांगत नाही, कारण तो आता ती फक्त किराणा आणायला वापरतो. मी इथे बघायला लागलो तर आपल्याकडे असं वेगळं पॅकेज टिक मारून घ्यायची सोय जवळजवळ नाही. ते व्हेरिएंटच्या पोटात दडवलेलं असतं आणि आपण वजाबाकी करून हुडकून काढायचं. २०२४ मध्ये रँग्लर आपल्याकडे दोन रूपांत आली: अनलिमिटेड ६७ लाख ६५ हजार, रुबिकॉन ७१ लाख ६५ हजार. मधले चार लाख म्हणजे रुबिकॉनपणाचे. त्यात पुढे-मागे डिफ लॉक, जास्त ताकदीचा लो-रेंज गिअर, आणि बटण दाबून पुढचा स्वे-बार (वळणावर गाडी कलू न देणारी दांडी) मोकळा करायची सोय. जोडली जाते ती पुण्याजवळ रांजणगावला. ते ऐकून बायको म्हणाली, "रांजणगावला गणपती आहे, तिथे पायी जाऊन येऊ."

मग आवाक्यातले रकाने. महिंद्राच्या थार रॉक्समध्ये मला सगळ्यात स्वच्छ वजाबाकी सापडली. व्हेरिएंट एमएक्स ५, डिझेल, हाताचा गिअर. मागची चाकं ओढणारी १६ लाख ९९ हजार, चारही ओढणारी १८ लाख ७९ हजार. हे बाजारात आली तेव्हाचे भाव. बाकी व्हेरिएंट तोच.

"एक लाख ऐंशी हजार कशाचे?" बायकोने विचारलं.

"पुढची दोन चाकंपण फिरतात."

"आत्ता फिरत नाहीत?"

"फिरतात, पण स्वतःहून नाही. मागून ढकललं की फिरतात."

"म्हणजे तुमच्यासारखीच."

डिफरन्शियल समजावायला मात्र मला मुळीच त्रास पडला नाही. मी म्हटलं, साध्या डिफरन्शियलची खोड अशी की एक चाक चिखलात किंवा हवेत सुटलं तर सगळा जोर त्याच्याकडेच पळतो. ते नुसतं गरगर फिरतं, आणि जमिनीवर पाय रोवून उभं असलेलं दुसरं चाक उपाशी राहतं. बायको लगेच म्हणाली, "तुमच्या घरच्या वाटण्या." पुढचं तिने स्वतःच पूर्ण केलं: डिफ लॉक म्हणजे दोघांना एका दांड्याला बांधायचं, फिराल तर बरोबर फिरा. मारुतीच्या जिम्नीत लॉक नाही, तिथे गाडीचा कॉम्प्युटर उडाणटप्पू चाकाला ब्रेक लावून बसवतो. "हे सासऱ्यांनी वेळेवर करायला हवं होतं," यावर आईपण मान डोलावून मोकळी झाली. आमच्या घरात सासू-सुनेचं एकमत झालेला हा पहिलाच तांत्रिक मुद्दा.

फोर्स कंपनीच्या गुरखाला लॉक दोन्ही आसांना, आणि हवा ओढायची नळी, तो स्नॉर्केल, कारखान्यातूनच वर काढलेला. २०२४ मध्ये तीन दारांची १६ लाख ७५ हजार, पाच दारांची १८ लाख. शिवाय फोर्सचा एक कारखाना आमच्या पिथमपुरात, त्यामुळे तिच्याबद्दल मला गाववाल्याची माया. पाण्यात गुरखा ७०० मिलिमीटरपर्यंत जाते, तीन दारांची थार ६५०. मधल्या पन्नास मिलिमीटरवर मी दोन रात्री घालवल्या. पन्नास मिलिमीटर म्हणजे तीन बोटं. मी आयुष्यात गाडीने एकही नदी ओलांडलेली नाही. चोरल नदीसुद्धा पुलावरून बघितली आहे, तीही भजी खाताना. जिम्नी जून २०२३ मध्ये १२ लाख ७४ हजारांपासून सुरू झाली आणि डिसेंबरात थंडर एडिशन निघाली ती १० लाख ७४ हजारांपासून. मी नुसता शीट उघडून बसलो होतो आणि दोन लाख वाचले. माझ्या आयुष्यातली एवढी यशस्वी गुंतवणूक दुसरी नाही.

"साधी घ्या आणि नंतर बाहेरून करून घ्या," असं सांगणारे भेटतातच. शेजाऱ्यांनी तसं केलं होतं. पुढे लोखंडी बुल बार, वर दिव्यांची पट्टी, टायर मडगार्डच्या बाहेर. तो बार २०१७ च्या डिसेंबरातच सरकारने बेकायदा ठरवलेला, आणि मोटर वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं की कंपनीने केलेल्या मूळ रचनेत बदल करायचा नाही. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच बजावलं. शेजाऱ्यांचा बार आता त्यांच्या गच्चीवर आहे. त्यावर गोधड्या फार छान वाळतात. म्हणून मी म्हणतो, जे हवं ते कारखान्यातून आलं पाहिजे.

आणि इंदूरला हे वेड काही नवं नाही. आमच्या यशवंतराव होळकर महाराजांनी १९३० च्या दशकात डुसेनबर्ग मागवली तेव्हा इंजिन-चेसिस अमेरिकेचं आणि बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगकडून खास करवून घेतलेली. हे मी घरात ठणकावून सांगितलं. बायको म्हणाली, "त्यांच्याकडे संस्थान होतं. आपल्याकडे पतसंस्थेचं कर्ज आहे."

तरी एका रविवारी सगळे निघालो. शोरूमचं नाव घेत नाही, गाडीचंही नाही. पुढे जे झालं त्यात त्यांचा काही दोष नव्हता. आईने निघताना कापडी पिशवीत काहीतरी चौकोनी घेतलं. मला वाटलं डबा असेल.

सेल्समन मुलगा गोड होता. "भिया, एक बार माताजी को बिठा के तो देखो!" त्याने दार उघडलं. आईने आधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पिशवीतून पाट काढला. आमचा गौरीचा पाट, सागवानी, कडेला पितळी पट्टी. शोरूमच्या चकचकीत फरशीवर, चाकाशेजारी, तो तिने मांडला. रांगोळी तेवढी राहिली.

अप्रोच अँगल म्हणजे गाडीचं नाक न घासता किती उभा चढ चढता येतो तो कोन. थारचा ४१ अंशांच्या वर आहे. आईचा, संधिवात धरून, वीस. उजवा पाय पाटावर आला. डावा दाराच्या पट्टीपर्यंत गेला आणि तिथेच टेकून राहिला. मग ब्रेकओव्हर अँगल. पुढची चाकं चढली, मागची खाली आहेत आणि पोट मधल्या उंचवट्यावर अडकलंय, ती अवस्था. एक पाय आत, एक पाटावर, एक हात दाराच्या हँडलला, दुसरा सेल्समनच्या टायला. "मला कोणी धरू नका," आई म्हणाली. टाय तिनेच धरला होता, तेव्हा त्या मुलालाही दुसरा इलाज नव्हता. मी मागून हलकेच टेकू दिला. लो-रेंज म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं: वेग नाही, नुसता जोर.

बसल्यावर मात्र आई खुलली. "इथून सगळं दिसून राहिलंय रे!" शोरूमच्या मागे पाइपसाठी खणलेल्या मातीचा ढीग होता, त्याच्यावरून सेल्समनने आम्हाला नेलं आणि "देखा सर, पता भी नहीं चला" म्हणाला. आईला पत्ता चांगलाच लागला होता. तिने रामरक्षा अर्ध्यातून सुरू केली होती.

डिपार्चर अँगल हा सगळ्यात फसवा. चढताना सगळे मदतीला असतात, उतरताना जो तो ब्रोशर वाचत असतो. शेवट मागचा भाग टेकतो की नाही, यावर सगळं. टेकला. पाटावरच टेकला, म्हणून बरं. आई दोन मिनिटं तिथेच बसून राहिली, आणि कोणी पाणी आणलं, कोणी खुर्ची, मॅनेजरने स्वतः कोटेशन आणलं. पाटावर बसलेल्या बाईच्या हातात ते ऑन-रोड भावाचं कोटेशन अगदी लग्नाच्या यादीसारखं दिसत होतं. "ह्यात पाट धरलाय का?" आईने विचारलं.

घरी आल्यावर कळलं, पाट तिथेच राहिला. गौरी तीन आठवड्यांवर, आणि आईने जेवायला बसायच्या आधी मला स्कूटरवर परत धाडलं. शीट वगैरे काही नाही, आधी पाट.

शोरूममध्ये गर्दी होती. पाट त्याच गाडीपाशी, जरा नेटका सरकवून ठेवलेला, वर कोणीतरी रबराची चटई कापून टाकलेली. देवासकडचे वाटणारे एक गृहस्थ आपल्या धोतरवाल्या वडिलांना त्यावरून वर चढवत होते. वडील बसले. गृहस्थांनी पाटाची पितळी पट्टी बोटाने तपासली आणि विचारलं, "ये कौन से वेरिएंट में आता है?"

सेल्समनने मला दारात पाहिलं होतं. तरी त्याची पापणी हलली नाही.

"टॉप में, सर."

मी तसाच उभा राहिलो. पाट लगेच उचलता येईना. वडील अजून वरच होते, आणि त्यांचं उतरायचं बाकी होतं.