निसर्गात त्याला गांडूळ धुऊन कोण देतं?

मत्स्यप्रेमी, नमस्कार.

ॲक्सोलोटलला, म्हणजे जन्मभर पाण्यातच राहणाऱ्या, पाली-सरड्यासारख्या दिसणाऱ्या उभयचराला, अधूनमधून जिवंत खाऊ कसा द्यावा, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. थोडक्यात तुमचं म्हणणं असं: निसर्गात त्याला गांडूळ धुऊन कोण देतं? गप्पी मासे हिवताप विभागाकडून फुकट मिळतात, ते सोडावेत. गच्चीवरच्या पिंपातल्या डासांच्या अळ्या द्याव्यात. तुमच्याकडे दोन पिढ्या नाल्यातल्या ट्युबिफेक्सवर, म्हणजे गाळातल्या बारीक लाल किड्यांवर, मासे वाढले, एकही दगावला नाही. आणि शेवटी, एकीकडे जीवदयेच्या गप्पा अन् दुसरीकडे शिकारीचे व्हिडिओ, हा दुटप्पीपणा. हा शेवटचा टोला बसला. त्याकडे येते, पण आधी निसर्गाचं बघू.

ॲक्सोलोटलचा निसर्ग म्हणजे आता फक्त मेक्सिको सिटीच्या दक्षिणेकडचे सोचिमिल्कोचे कालवे. दुसरं घर होतं चाल्को तलाव, तो माणसांनी कधीच उपसून कोरडा केला. सोचिमिल्कोत १९९८ साली एका चौरस किलोमीटरला सुमारे ६००० ॲक्सोलोटल मोजले गेले होते, २०१४ साली ३६. शहराचं सांडपाणी हे एक कारण. दुसरं म्हणजे लोकांना खायला मिळावेत म्हणून आणून सोडलेले कार्प आणि तिलापिया, म्हणजे आपल्या उजनीतला चिलापी. ते त्याची अंडी आणि पिल्लं फस्त करतात. म्हणून तिथले विद्यापीठातले संशोधक आणि चिनाम्पांवर, म्हणजे कालव्यांमधल्या गाळाच्या बेटांवर, शेती करणारे शेतकरी मिळून छोट्या कालव्यांच्या तोंडाशी गाळण्या बसवतात, मासे बाहेर आणि पाणी जरा स्वच्छ राहावं म्हणून. तेव्हा निसर्गातही आता धुऊनच द्यावं लागतंय! शिवाय तुमच्या-माझ्या टाकीतल्याने सोचिमिल्को पाहिलेलंही नाही. प्रयोगशाळांतल्या आणि पाळीव ॲक्सोलोटलांच्या वंशाचा मोठा भाग १८६४ साली पॅरिसला पोचलेल्या ३४ जणांपर्यंत मागे जातो. पिढ्यान् पिढ्या तो काचेआडच आहे.

आता तो खातो कसा ते बघा. चावत नाही. जबडा झटकन उघडतो आणि पाण्यासकट समोरचं आत ओढतो. दात आहेत ते घास निसटू नये एवढ्यापुरते. त्यामुळे जे जाईल ते अख्खं जाणार. तळाला बारीक खडी असेल तर तीही. कोळंबीच्या डोक्यावरचा काटा, ओढ्यातल्या शिंगटीचे ताठ काटे घशात अडकले की ना आत ना बाहेर. गोल्डफिशमध्ये बी-१ जीवनसत्त्व मोडणारं द्रव्य असतं, तो विषय तिथेच संपतो.

गप्पींचं मी स्वतः भोगलंय. पहिल्या वर्षी चार गप्पी रात्री माझ्या ॲक्सोलोटलच्या, बंड्याच्या, टाकीत सोडले आणि झोपले. सकाळी चारही जिवंत, आणि बंड्याच्या कल्ल्यांचे तुरे कुरतडलेले. पाण्यात हलणारे ते लाल धागे त्यांना गांडुळासारखेच दिसले असणार. तुरे पुढे परत उगवले, पण तो त्याचा मोठेपणा, माझा नव्हे. गप्पी द्यायचेच असतील तर घरच्या टाकीत वाढवलेले द्या, किंवा बाहेरचे महिनाभर वेगळे ठेवून मग. आणि एका वेळी एकच, तुमच्या डोळ्यांसमोर.

पिंपातल्या अळ्यांना माझा विरोध साधा आहे. पालिकेचे लोक पिंपात ॲबेट टाकून जातात, ते अळ्या मारायचंच औषध. आणि नसेल टाकलं, तर उरलेल्या अळ्यांचे डास होऊन ते तुमच्याच सोसायटीला चावणार. ट्युबिफेक्स तर सांडपाण्याच्या गाळातच पोसतो. तुमचे मासे त्यावर टिकले हे मी खोटं म्हणत नाही. पण माशाला खवले असतात. ॲक्सोलोटल उभयचर, त्याची कातडी पातळ आणि उघडी, पाण्यात जे असेल ते तिच्यातून थेट शरीरात जातं.

राहिलं गांडूळ, माझ्या मते सगळ्यात चांगला खाऊ. इथे मात्र लेखात मी कमी पडले. गांडूळखताच्या किटमध्ये बहुतेकदा बारीक, लालसर, पट्टे असलेली जात येते, आयसेनिया फेटिडा. डिवचली की तिच्या अंगातून पिवळट, कडू, वास मारणारा द्रव सुटतो आणि ॲक्सोलोटल ती थुंकून टाकतो. मग लोक मला विचारतात, हा आजारी आहे का? आजारी नाही, त्याला चव कळते! खतवाल्याकडे ‘आफ्रिकन’ मागा, म्हणजे युड्रिलस युजेनी: जाड, जांभळट चमक असलेलं. फवारलेल्या शेतातलं किंवा बागेतलं नको. दोन-तीन दिवस ओल्या कोकोपीटमध्ये ठेवा, क्लोरीन नसलेल्या पाण्यात विसळा, पिल्लू लहान असेल तर तुकडे करा आणि बोथट चिमट्याने तोंडासमोर धरा. मोठ्याला दोन-तीन दिवसांतून एकदा पुरतं. त्याचं पाणी १६ ते १८ अंशांचं, पचन संथ. उरलेलं त्याच दिवशी काढा.

आता दुटप्पीपणा. अंड्यातून नुकतीच बाहेर आलेली पिल्लं हलणारंच टिपतात, त्यांना आर्टेमिया किंवा डाफ्निया हे पाण्यातले बारीक जीव जिवंतच लागतात. मोठा झालेला ॲक्सोलोटल मात्र वासावर पेलेट, म्हणजे तयार खाद्याच्या गोळ्या, शोधून खातो. म्हणजे बंड्याला जिवंत काही देते ती त्याची गरज नाही, माझी हौस आहे. गांडूळ कापलं काय नि अख्खं दिलं काय, मरतंच. गप्पीच्या पाठलागाचा तो व्हिडिओ तर सरळ बघणाऱ्यांसाठी काढला होता. काल काढून टाकला.

गांडुळं देणं चालू ठेवणार आहे. तुम्ही ट्युबिफेक्स वाहत्या पाण्याखाली किती दिवस ठेवायचात, ते मात्र जरूर लिहा. मासे पाळणारे बरेच जण इथे वाचतात.